दुसऱ्या मजल्यावरची हाक

"आजी, तुझा माईक बिघडलाय का?" असं तू उन्हाळ्यात मला व्हिडिओ कॉलवर विचारलंस, आणि तुझा भाऊ मागून ओरडला, "आजीचं नेट गंडलंय!" मी तेव्हा हो म्हणाले. माईक चांगला होता आणि नेटही चांगलं होतं.

आता तुमची आई सांगते की गणपतीतल्या नाटकाचा व्हिडिओ तुम्हाला हवा आहे, आजी नाटकात आहे म्हणून. व्हिडिओ पाठवते, पण त्यात मी नाही. पहिल्या रांगेत शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसलेली एक बाई क्षणभर दिसते, ती मी. नाटकात काम मागायला गेलेली बाई शाल घेऊन खाली कशी बसली, हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही. फोनवर तुम्ही मध्येच "बाय आजी" म्हणून पळता. म्हणून लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवेल. वाचताना ती थांबली तर तिला थांबू द्या.

आजोबा गेल्यावर तुमची आई महिनाभर इथे राहिली. ती गेल्यावर मी माझा दिवस आखून घेतला. ऑफिसात इतकी वर्षं साहेबांचे दिवस आखले, तसाच आपलाही आखावा म्हटलं. सकाळी चौपाटीपर्यंत फेरी, मग पूजा, पेपर, स्वयंपाक, दुपारी एकेक कपाट. आखणीत चूक नव्हती. फक्त त्यात बोलणं कुठेच नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दूध पहाटे दाराच्या कडीला लटकवलेलं असतं. भाजी मोबाईलवर मागवली की आणणारा पिशवी ठेवतो, दार वाजवतो आणि मी कडी काढेपर्यंत जिना उतरून गेलेला असतो. भांडी घासणारी बाई कानात वायर घालून गावच्या बहिणीशी बोलत काम करते, जाताना मला हात करते. समोरच्या वहिनी आहेत, पण संध्याकाळी त्यांच्या मालिका सुरू होतात आणि दार लोटलेलं असतं.

एका दुपारी बँकेतून फोन आला, कुठल्याशा कागदावरची सही जुळत नव्हती. मी "हॅलो" म्हटलं. घशातून नुसती खरखर आली. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, जरा मॅडमना फोन देता का?"

त्या दिवसातला तो माझा पहिला शब्द होता.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि म्हणाले, घशात काही नाही, तुम्ही बोलत नाही म्हणून असं होतंय, बोलत जा. मग मी रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायला लागले. शाळेत आमच्या बाई वाचून घ्यायच्या तसा, ताठ बसून. तुझा माईकचा प्रश्न त्यानंतरचा आहे, म्हणजे उपयोग झाला नव्हता. अग्रलेख कुणा एका माणसाला उद्देशून नसतो. तो वाचताना आवाज जेवढ्यास तेवढा निघतो आणि समोरच्या भिंतीशी थांबतो.

माझा आवाज ज्यावर टिकून होता ती गोष्ट वेगळी होती. आपलं घर तुम्हाला आठवतं. मागे स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली, तिच्यापुढे चौकावरची गॅलरी. आजोबा पेन्शनीत निघाल्यापासून संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे, सकाळी वाचलेलाच. मी आतून हाक मारायचे, "अहो, ऐकलंत का?" आमच्या पिढीत बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नसत. आजोबांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं आणि त्यानंतर सरकारी कागदांवर लिहिलं. एरवी ते "अहो". गॅलरीतून उत्तर यायचं, "ऐकतोय." काही ऐकलेलं नसायचं. मग मी दुसरी हाक मारायचे, मग तिसरी. तिसऱ्या हाकेला सपाता फटफटवत ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काही म्हणालीस?"

अहो मी अजूनही म्हणते. पोस्टमनला म्हणते, दुकानदाराला म्हणते. पण दोन खोल्या ओलांडून जाणारी ती हाक मारायला आता गॅलरीत कुणी नाही.

आषाढात वाडीच्या ग्रुपवर मेसेज आला आणि खाली फळ्यावरही लागलं, की यंदा गणपतीत पूर्वीसारखं वाडीतल्यांनीच नाटक करायचं. पूर्वी दरवर्षी व्हायचं. नंतर ऑर्केस्ट्रा आला, मग जादूचे प्रयोग, मग नुसतीच लकी ड्रॉची सोडत. या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मनावर घेतलं होतं. हा परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत नोकरी करतो आणि एकांकिकांच्या स्पर्धांत भाग घेतो. नाटक त्यानेच लिहिलं होतं. एक पेन्शनर नवरा घरकाम टाळण्यासाठी बहिरेपणाचं सोंग घेतो. डॉक्टर, जावई, शेजारी, सगळे फसतात. बायको स्वयंपाकघरातून हाका मारत राहते आणि तो पेपराआड ढिम्म बसून राहतो. पूर्वार्धात बायको दिसतच नाही, विंगेतून फक्त तिच्या हाका येतात. "महिला कलाकार हवी, वयाची अट नाही, आवाज खणखणीत हवा," असं फळ्यावर लिहिलं होतं.

ते वाचून मी तिथेच ठरवलं. अभिनयाची हौस मला कधी नव्हती. पण गणपतीपर्यंत रोज संध्याकाळी तालीम असणार आणि रोज मला कुणालातरी हाक मारता येणार. मला तेवढंच हवं होतं, आणि ते मिळालं नाही तर दुसरं काय करता येईल हे मला सुचत नव्हतं.

समोरच्या वहिनी कोथिंबीर निवडत दारात बसल्या होत्या.

"तुम्ही जाणार म्हणे त्या ऑडिशनला?"

"बघते जाऊन."

"वर्ष व्हायचंय अजून."

"माहीत आहे मला."

"घरात गणपती आणणार नाही म्हणालात यंदा. आणि खाली जाऊन फार्स करणार?"

"गणपती आणणं वेगळं, नाटक वेगळं. नाटक करू नये असा नियम कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला असता तर तुम्ही वाचला असता ना, इंग्रजीत."

त्यावर मला हसू आलं आणि त्याही हसल्या. मग काड्या बाजूला सारत म्हणाल्या, "लोकांचं सोडा. झेपेल का तुम्हाला?"

"स्टेजवर यायचंच नाहीये बराच वेळ. आतून ओरडायचंय."

"मग माझ्यावर ओरडा की. मी काय नाही म्हणतेय?"

ऑडिशन रविवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत होती. जुनी माणसं तिला पात्रनिवड म्हणत होती. खोलीत गेल्या वर्षीच्या मखराचे पुठ्ठे, उभा करून ठेवलेला कॅरम बोर्ड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि बघायला आलेली निम्मी वाडी. नवऱ्याचं काम कुणाकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळमजल्यावरचे भाऊजी, आजोबांचे कॅरममधले भिडू. ते नुसते खुर्चीवर बसले तरी लोक हसायला लागतात, असा त्यांचा चेहरा आहे. पेपर घेऊन ते आधीच मध्यभागी बसले होते. मला बघून अर्धवट उठले. "या वहिनी."

बायकोच्या कामाला आम्ही दोघीच होतो. दुसरी पलीकडच्या इमारतीतली सून, माहेर लालबागचं. तिच्या माहेरी मिरच्या-मसाले कुटायचं दुकान आहे आणि इथेही ती घरून मसाले करून विकते. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. आमचा तो लेखक-दिग्दर्शक मुलगा म्हणाला, "कपाटाच्या मागे उभं राहून हाका मारायच्या. कागद बघितला नाही तरी चालेल. मनाने बोला."

ती आधी गेली. लोखंडी कपाटामागून तिचा आवाज आला तो थेट मालवणीत. "अवो! आयकलात काय? अवो, मी काय भिंतीशी बोलतंय? मेल्यासारखे बसलात काय त्या पेपरात!"

खोली हसून कोसळली. भाऊजींनी पेपराचं पान इतक्या सावकाश उलटलं की आणखी हशा झाला. मीही हसले. मग ती कपाटामागून डोकं काढून माझ्याकडे बघायला लागली आणि तिने जीभ चावली. "सॉरी हां काकू. असंच तोंडातून आलं."

"अगं, नाटक आहे ते," मी म्हणाले आणि उठले.

कपाटामागे अंधार होता आणि भिंतीला गेल्या वर्षीच्या चिकटपट्ट्या. मी डोळे मिटले. गॅसवर आमटी आहे, पोळ्या व्हायच्या आहेत, मीठ संपलंय, असं सगळं समोर आणलं आणि हाक मारली.

"अहो, ऐकलंत का?"

आवाज आला. चिरका नाही, घोगरा नाही, पूर्वीसारखा आला. वर्ष होत आलं होतं तो येऊन. मला इतकं बरं वाटलं की पुढे काय करायचं ते मी क्षणभर विसरले. मग हशाची वाट पाहिली. खोलीत पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

मी दुसरी हाक मारली, जरा वैतागून. तेव्हाही काही नाही. कपाटाच्या कडेने पाहिलं तर भाऊजी उभे होते. पेपर खाली पडला होता.

"भाऊजी, तुम्ही बहिरे आहात," मी म्हणाले.

"काका, उठायचं नाही तुम्ही," दिग्दर्शक म्हणाला. पण त्याचाही आवाज हळू होता.

"हो हो. चुकलं." ते बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "घ्या वहिनी, परत घ्या."

मी परत घेतलं. तेव्हा मला दिसलं की खोलीतलं कुणी भाऊजींकडे बघतच नव्हतं. कुणी जमिनीकडे, कुणी छताकडे. उघड्या दारातून बाहेर चौकात इस्त्रीवाला दिसत होता. इस्त्री हातात तशीच धरून तो वर, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीकडे बघत होता.

तोपर्यंत मला वाटत होतं ती हाक आमच्या दोन खोल्यांतली आहे. गॅलरी उघडी आहे, खाली चौक आहे, आणि इतकी वर्षं ती रोज संध्याकाळी अख्ख्या वाडीत जात होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लालबागची सून नंतर म्हणाली, "काकू, तुमची हाक आली की मी कुकर लावायचे." ती अगदी सहज बोलली. मग ओढणीने डोळे पुसायला लागली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मला नाही जमणार," आणि बाहेर जाऊन उभे राहिले. ज्या माणसाला बघून लोक पोट धरून हसतात, तो माणूस दाराबाहेर पाठमोरा उभा होता. समोरच्या वहिनी माझ्याजवळ आल्या. "चला, घरी चला," म्हणाल्या. एवढंच. ‘मी सांगत नव्हते का,’ असं त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी दिग्दर्शक वर आला. मी चहा केला. तो कपाकडे बघत बोलत राहिला.

"काकू, तुमचं काम उत्तम झालं. खरं सांगतो, अशी हाक कुणाला मारता येणार नाही."

"मग?"

"कॉमेडी आहे ना काकू. लोकांना काका आठवतात."

"आठवले तर काय होतं?"

"लाफ्टर जातो."

मी विचारलं, "समजा, हेच नाटक तू दादरला केलं असतंस. जिथे मला कुणी ओळखत नाही. तिथे मला घेतलं असतंस?"

"लगेच घेतलं असतं," तो म्हणाला, आणि ते खरं असणार, कारण म्हणताना त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिथे तुम्ही नाटक खाऊन टाकलं असतंत."

मग पिशवीतून काढल्यासारखा त्याने मंडळाचा निरोप सांगितला. सगळ्यांच्या मनात आहे की नाटकाआधी माझा सत्कार करावा. वाडीतली ज्येष्ठ रहिवासी म्हणून. शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची. "मानाचं आहे काकू. नाही म्हणू नका." मी नाही म्हणाले नाही. इतकी माणसं इतक्या काळजीने एकत्र बसून आपल्यासाठी काहीतरी ठरवतात, तेव्हा ते नाकारायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही. काम करायला मागितलं होतं आणि मान मिळाला. समोरच्या वहिनींना मात्र ते पटलं. "हे शोभतं तुम्हाला," म्हणाल्या.

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. अग्रलेख वाचणं बंद केलं. खाली तालमी सुरू झाल्या होत्या आणि संध्याकाळी चौकातून हशा वर यायचा. मी गॅलरीचं दार लावून घ्यायचे.

एका संध्याकाळी लालबागची सून आली. हाताला हळद तशीच, केसांत जाळी.

"काकू, माझं जमत नाहीये."

"खालून तर हसण्याचा आवाज येतो."

"पहिल्या दोन हाकांना हसतात. मग तो म्हणतो, सगळ्या हाका एकसारख्या येतात, कंटाळा येतो. काकू, मी वाढलेय मिरच्या कुटायच्या मशीनच्या बाजूला. आमच्याकडे हाक म्हणजे मशीनच्या वर आवाज काढायचा, बस. तुम्ही शिकवा ना मला ती. तुमची."

मी तिला नाही म्हणणार होते. मग तिने विचारलं, "काका कुठे बसायचे?" आणि मी तिला खुर्ची दाखवली, आणि ती म्हणाली, "मी आत जाते, तुम्ही तिथे बसा. नाहीतर मला कळणार कसं, पोचतेय की नाही?"

त्या खुर्चीत मी झाडू मारताना कधी टेकले असेन. संध्याकाळी, पेपर घेऊन, अशी कधीच बसले नव्हते. खाली मुलं खेळत होती, कुणाकडे कुकरची शिटी, रस्त्यावर बसचा हॉर्न. आतून तिची हाक आली. "अहो!" एवढं मला ऐकू आलं. पुढचं सगळं चौकातल्या आवाजात गेलं.

"काय बोलले मी?" तिने आतून विचारलं. तेही नीट कळलं नाही. ती दारात येऊन पुन्हा विचारायला लागली तेव्हा कळलं.

"नाही ऐकू आलं."

"मग काकांना कसं कळायचं?"

मी तिला पुन्हा आत पाठवलं आणि पुन्हा हाक मारायला सांगितलं. पुन्हा तेच. "अहो" येत होतं आणि मागचे शब्द येत नव्हते. मी कितीदा त्यांना म्हटलं होतं, तुम्ही लक्षच देत नाही. शेवटी शेवटी तर कान तपासून घ्या म्हणून मागे लागले होते. त्या जागी शब्द पोचतच नव्हते. तिथे फक्त आपल्याला बोलावताहेत एवढं कळत होतं, आणि त्यावर जेवढं उत्तर देता येण्यासारखं होतं तेवढं ते देत होते. मग उठून विचारायला येत होते.

"काकू, रडताय का तुम्ही?"

"मसाल्याचे हात धुऊन ये आधी," मी म्हणाले. "खोकला येतोय मला."

मग गणपतीपर्यंत ती रोज तालमीआधी यायची. मी तिला तीन हाका शिकवल्या. पहिलीत फक्त काम असतं, राग नसतो. दुसरी लहान, तुटक, तिच्यात मागच्या सगळ्या दिवसांचा हिशेब असतो. आणि तिसरी खालच्या आवाजात. तिसरीला ती दर वेळी ओरडायची. "ओरडलीस तर माणूस उठत नाही," मी सांगायचे. "पहिल्या दोन हाका त्याला माहीत असतात. तिसरी हळू आली की त्याला भीती वाटते." ती म्हणायची, "माझा नवरा कसला घाबरतोय," आणि घरी जाऊन करून बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी हसतच आली. "घाबरला काकू! धावत आला, विचारतोय काय झालं, काय झालं!"

कधी मी आत जाऊन हाक मारून दाखवायचे आणि ती खुर्चीत बसायची. त्याच दिवसांत तू फोनवर म्हणालीस, "आजी, नवीन फोन घेतलास का?" आठवतंय?

नाटकाच्या दिवशी माझा सत्कार झाला. शाल फार गरम होती. अध्यक्षांनी माझ्याबद्दल चार वाक्यं सांगितली, त्यातली दोन आजोबांबद्दल होती. मग पडदा वर गेला. भाऊजी पेपराआड बसले. विंगेतून पहिली हाक आली तेव्हा माझ्या मागे थोडी कुजबुज झाली. ओळखीचं काहीतरी लोकांना जाणवलं असावं, पण आवाज तिचा होता आणि मागोमाग मालवणी आली, तेव्हा लोक हसले. दुसरीला जास्त हसले. मग सगळं शांत झालं आणि तिसरी आली. खालच्या आवाजात, अगदी जवळून आल्यासारखी. भाऊजी खुर्चीतून असे उडाले, पेपरासकट, चष्म्यासकट, की अख्ख्या चौकात हशा उसळला. तो थांबेचना. समोरच्या वहिनी माझ्या बाजूला होत्या. हसता हसता माझ्या गुडघ्यावर थापा मारत होत्या. मग एकदम त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"हसा हो," मी म्हणाले. "चांगलं करतेय ती."

चांगलंच करत होती. मी नारळ दोन्ही हातांत धरून बसले होते. हाक अगदी बरोबर लागली होती, आणि ती ऐकताना मला पहिल्यांदा ती माझी वाटली नाही. शिकवताना हे होणार असं मला कळायला हवं होतं.

आता नाटक होऊन बरेच दिवस झाले. ती वर येत नाही. तिचा काही राग नाही, दिवाळीच्या मसाल्याच्या ऑर्डरी आहेत, खालून पिशव्या घेऊन जाताना मान वर करून "काय काकू!" म्हणते. भाऊजी माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त अदबीने बोलतात आणि लवकर निघून जातात. हाक मात्र वाडीत राहिली. मुलं जिन्यात एकमेकांना तशीच हाक मारतात. "अहो, ऐकलंत का?" पहिली, दुसरी, मग तिसरी हळू, आणि मग खिदळत उड्या मारत खाली. वहिनी म्हणाल्या, "मी सांगते त्यांच्या आयांना. बरं दिसत नाही." मी नको म्हटलं.

मागच्या आठवड्यात अशीच संध्याकाळ होती. मी बाहेरच्या खोलीत काही न करता बसले होते. जिन्यावर, आमच्याच दारासमोर, कुणीतरी तिसरी हाक मारली. बारीक आवाजात, अगदी नीट. आणि माझ्या तोंडून गेलं, "ऐकतोय."

त्यांच्यासारखं गेलं. सपाट, पेपरातून मान न काढता म्हटल्यासारखं. बाहेर एकदम शांत झालं. मग पायांचा आवाज, सगळे खाली पळाले, आणि खालून हसण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळेला तिथे बसले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर वहिनींकडून कळलं की सहामाही परीक्षा सुरू झाली आहे, पोरांना जिन्यात जायची बंदी आहे. परीक्षेनंतर दिवाळीची सुट्टी लागेल आणि निम्मी मुलं गावाला जातील. त्यानंतर ती हा खेळ विसरून दुसरा काहीतरी काढतील, मुलं तशीच असतात.

परवा तुमच्या आईशी बोलताना माझा आवाज पुन्हा तसाच येत होता, तिने तुम्हाला सांगितलं असेल. काळजी करण्यासारखं काही नाही, घशात काही दोष नाही, डॉक्टरांनी पाहिलं आहे. फक्त रविवारी फोन कराल तेव्हा दोघांनी एकदम बोलायला लागू नका. आधी मला हाक मारा. मी लगेच ओ दिली नाही तर नेट गेलं असं समजून फोन ठेवू नका. पुन्हा मारा.